सिगालाला सांगितलेला हिशेब



16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी आपल्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. आज गावोगावच्या विहारांत वंदना होते. पण बुद्धांनी घरखर्चाचंही सांगून ठेवलं आहे, ते फारसं कुणी वाचून दाखवत नाही.

दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे. राजगृहाचा सिगाल ओल्या कपड्यांनी सहा दिशांना हात जोडत होता. बुद्ध म्हणाले, दिशा म्हणजे आपली माणसं. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण गुरू, पश्चिम बायको-लेकरं.

कमाईचे चार वाटे करायला सांगितले: एक घरात, दोन कामधंद्यात, चौथा अडचणीसाठी राखून. तेंदूपत्त्याचे पैसे आले की एक वाटा किराणा-शाळेला, दोन धानाच्या बियाण्याला नाहीतर शेळ्यांना, चौथा गटाच्या बचतीत. रोजमजुरीत दोन वाटे निघत नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण चौथा सोडू नका, वीस रुपये का असेना.

पैसा गळण्याची सहा भोकंही सांगितली आहेत, त्यात पहिली दारू. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात 2015 ला आली, 2021 ला उठली. कायदा उठला तरी भोक तेच आहे.

नवऱ्याची पाच कर्तव्यं आहेत. बायकोचा मान राखणं हे एक, घरचा कारभार तिच्या हाती देणं हे दुसरं. इथं मात्र कर्ज बाईच्या नावावर, सही तिची, हप्ता तिचा, आणि पैसा कुठं गेला ते तिलाच विचारावं लागतं.

पुढच्या बैठकीत एवढंच विचारू: कुणाचं पासबुक कुणाजवळ असतं?