जुन्या मोटारीची चकाकी : बाह्य ट्रिम शोधावी कशी, सावरावी कशी

ब्रिटनमध्ये 40 वर्षांहून अधिक वयाची मोटार ‘ऐतिहासिक’ वर्गात नोंदवता येते. मग तिच्यावर वाहनकर लागत नाही आणि लंडनच्या यूलेझ क्षेत्राचे दैनंदिन शुल्कही भरावे लागत नाही. या सवलतींमुळे अनेकांच्या हौसेला बळ मिळते. मोटार पाहायला गेल्यावर बहुतेक जण इंजिनाचा आवाज ऐकतात, तळाचा गंज तपासतात. बंपर, पुढची जाळी, काचांभोवतीच्या पट्ट्या, नावाची धातूची अक्षरे यांचा विचार मात्र ‘पुढे बघू’ म्हणून टाळला जातो, आणि पुनरुज्जीवनाचा हिशेब बहुधा येथेच चुकतो. इंजिन पुन्हा बांधता येते, पत्रा नव्याने घडवता येतो; पण ठरावीक वर्षाच्या ठरावीक मॉडेलची एखादी पट्टी हरवलेली असेल, तर तिच्यावाचून सारे काम वर्षानुवर्षे अडून राहू शकते.

आधी वर्ष निश्चित करा

एमजीबी हे याचे उत्तम उदाहरण. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथे 1962 ते 1980 या काळात या मोटारी तयार झाल्या. त्यांची संख्या पाच लाखांहून अधिक आहे. वरवर पाहता आकार तोच, पण बाह्य ट्रिम अनेकदा बदलली. सुरुवातीची जाळी उभ्या चकचकीत पट्ट्यांची होती. 1969च्या अखेरीस तिच्या जागी आत बसवलेली काळी जाळी आली आणि 1972मध्ये तीही बदलली. अमेरिकेतील सुरक्षा नियमांमुळे 1974मध्ये क्रोमचे बंपर गेले आणि त्यांच्या जागी रबरी म्हणून ओळखले जाणारे काळे, जाड बंपर आले. आज पुष्कळांना पुन्हा क्रोमचा बंपर हवा असतो. परंतु त्यासाठी मडगार्ड आणि बंपरखालचा पत्राही बदलावा लागतो. केवळ चार बोल्ट फिरवून ते काम होत नाही. म्हणून चासी क्रमांकावरून निर्मितीचे वर्ष निश्चित करावे, मग मूळ सुट्या भागांच्या सूचीतील क्रमांक शोधावा आणि त्यानंतरच खरेदीला निघावे.

धातू ओळखल्याशिवाय हात लावू नका

चकाकणारा प्रत्येक भाग क्रोमचा नसतो. जुन्या मोटारींवर प्रामुख्याने चार प्रकार आढळतात आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा असतो.

पहिला प्रकार मुलामा दिलेल्या पोलादाचा. बंपर बहुधा याच प्रकारचे. येथे खरी चमक असते ती निकेलच्या थराची. त्यावरचा क्रोम सहसा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. गंज आला असेल, तर जुना मुलामा उतरवणे, पोचे काढणे, तांबे आणि निकेलचे थर देऊन पृष्ठभाग समतल करणे आणि शेवटी क्रोम, असा क्रम असतो. खर्चाचा मोठा भाग मुलाम्याचा नसून त्याआधीच्या घासकामाचा असतो.

दुसरा प्रकार जस्ताच्या मिश्रधातूचा. ब्रिटनमध्ये याला मॅझॅक म्हणतात. बोधचिन्हे, दारांच्या मुठी, दिव्यांचे साचे यांतून ओतलेले असत. मुलाम्याखाली ओल शिरली की आतून पोखरण होते आणि वर बारीक फोड दिसतात. हा मिश्रधातू 400 अंश सेल्सियसच्या आतच वितळतो. त्यामुळे पोलादासारखे वेल्डिंग करता येत नाही. प्रत्येक खड्डा कोरून स्वच्छ करायचा, तांब्याचा थर देऊन भरायचा, पुन्हा घासायचा, असे चिकाटीचे काम असते. नवी प्रतिकृती मिळत असेल, तर ती बहुधा स्वस्त पडते.

तिसरा प्रकार स्टेनलेस स्टीलचा, आणि हौशी माणसाला घरी सावरता येईल असा हाच. पट्टीतील पोचा मागच्या बाजूने लहान हातोडीने हळूहळू उठवावा. मग 320, 400, 600, 800 अशा चढत्या क्रमांकांच्या ओल्या पॉलिशपेपरने घासून शेवटी बफिंग करावे. मुलामा नसल्याने उडून जाण्यासारखे येथे काही नसते.

चौथा प्रकार ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचा. त्यावरचा ऑक्साइडचा पारदर्शक थर कठीण असतो. तो निस्तेज झाला की कितीही पॉलिश केले तरी चमक परतत नाही. तो थर रसायनाने उतरवावा लागतो, धातू चमकवावा लागतो आणि पुन्हा ॲनोडाइझ करावे लागते.

ओळखण्यासाठी लोहचुंबक उपयोगी पडतो. पोलादाला तो चिकटतो; जस्त आणि ॲल्युमिनियमला नाही. स्टेनलेसच्या बाबतीत सावध राहावे, कारण त्याचे काही प्रकार चुंबकाला चिकटतात. हाताला लागणारे वजनही बोलके असते : ॲल्युमिनियम हलके, जस्त जड.

क्रोमचा कारागीर दुर्मीळ का होतो आहे?

पारंपरिक मुलाम्यासाठी लागणारा षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. युरोपीय संघाच्या रीच नियमांखाली क्रोमियम ट्रायऑक्साइडचा वापर 21 सप्टेंबर 2017 नंतर परवानगीशिवाय करता येत नाही. कॅलिफोर्नियाने 2023मध्ये सजावटीच्या मुलाम्यातून तो टप्प्याटप्प्याने हटवण्याचा निर्णय घेतला. कामगारांच्या आणि शेजारवस्तीच्या आरोग्याचा विचार करता हे योग्यच आहे. मात्र परवाने, गाळणयंत्रणा आणि कागदपत्रांचा भार लहान कार्यशाळांना पेलणे कठीण जाते. पर्याय म्हणून आलेल्या त्रिसंयुजी क्रोमियमची छटा किंचित वेगळी असते. म्हणूनच शेजारी शेजारी बसणारे सर्व भाग एकाच ठिकाणी, एकाच वेळी द्यावेत. भाग देण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून लेखी यादीवर पोच घ्यावी. हरवलेल्या दुर्मीळ भागाची भरपाई पैशाने होत नाही.

शोध कुठे घ्यावा?

पहिले दार क्लबचे. 1930मध्ये स्थापन झालेल्या एमजी कार क्लबसारख्या संस्थांमधील अनुभवी सदस्यांना कोणती प्रतिकृती नीट बसते आणि कोणती नाही, हे ठाऊक असते. दुसरे ठिकाण हॅम्पशायरमधील ब्यूली येथे 1967पासून भरणारा ऑटोजंबल हा जुन्या सुट्या भागांचा बाजार. तेथे जाताना आपल्या भागाचे माप, छायाचित्र आणि चुंबक खिशात असावा. तिसरा मार्ग, त्याच मॉडेलची मोडीत निघालेली मोटार घेऊन तिचे भाग वापरणे.

काही मोटारींच्या बाबतीत हा शोध भारतापर्यंत पोहोचतो. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर बेतलेली ॲम्बॅसडर 2014पर्यंत बनत होती, तर फियाट 1100 डीचा वारसा कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीने चालवला. परंतु या प्रदीर्घ काळात जाळ्या, दिवे आणि पट्ट्या बदलत गेल्या. नातेवाइकांना मुंबईच्या चोरबाजारात पाठवण्यापूर्वी छिद्रांमधील अंतर मिलिमीटरमध्ये मोजून द्यावे.

काढताना आणि बसवताना

सर्वाधिक नुकसान पट्टी उपटताना होते. मागचे गंजलेले नट भेदक तेलात एक-दोन दिवस भिजू द्यावेत, ओढाताण करू नये. प्रत्येक क्लिप आणि स्क्रू वेगळ्या पिशवीत, नाव लिहून ठेवावा. बसवताना ॲल्युमिनियम आणि पोलाद यांचा थेट स्पर्श टाळावा. ओल मिळताच दोन भिन्न धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन क्षरण सुरू होते. नायलॉनच्या क्लिपा आणि पोकळ भागांतील मेणाचा लेप त्याला आळा घालतात. निकामी वाटणारा मूळ भागही नवा बसवून होईपर्यंत टाकू नये; मापासाठी तोच खरा साक्षीदार असतो.

मोटार विकत घेण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी केवळ ट्रिमसाठी मारावी. काय आहे, काय नाही, काय सावरता येईल, याची यादी करावी आणि नसलेल्या भागांची किंमत विचारून मगच सौद्याला बसावे. रंग उडालेली, पण सर्व पट्ट्या शाबूत असलेली मोटार ही नव्या रंगाच्या, पण अर्धी ट्रिम हरवलेल्या मोटारीपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडते.