पोट मांसाहारी, दाढा शाकाहारी

पांडा म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो बांबू खात बसलेला गुबगुबीत प्राणी. प्राणिशास्त्रात मात्र त्याची जागा वाघ-लांडग्यांच्या पंगतीत, मांसभक्षक गणात आहे, कूळ अस्वलाचं. त्याचं आतडंही मांसाहाऱ्यासारखंच आखूड. गाईसारखे पोटाचे कप्पे नाहीत की चोथा आंबवायची दुसरी सोय नाही. त्यामुळे खाल्लेल्या बांबूतला जेमतेम १७ टक्के भाग पचतो. पोट बदललं नाही. बांबूशी जुळवून घेतलं ते तोंडानं.

मांसाहारी प्राण्याच्या जबड्यात दोन्ही बाजूंना धारदार दाढांची जोडी असते. वरची दाढ खालचीला घासून जाते आणि मांस कापलं जातं. पांडाच्या या दाढांची धार गेली. त्या रुंद झाल्या आणि त्यांच्या माथ्यावर बोथट उंचवटे आले. मागच्या दाढा तर नुकतीच टाकी लावलेल्या जात्यासारख्या खडबडीत. सुळे मात्र अस्वलाला शोभतील असे दणकटच राहिले.

दाढा कितीही रुंद असल्या तरी जबड्यात जोर हवा. पांडाच्या कवटीच्या माथ्यावर हाडाचा उंच कंगोरा असतो आणि गालाची हाडं बाहेर फाकलेली असतात. जबडा मिटणारे जाडजूड स्नायू तिथे मावतात. आपल्याला गोंडस वाटणारा तो गोल चेहरा मुख्यतः या स्नायूंमुळे गोल दिसतो.

चीनच्या सिच्वान, शान्शी आणि कान्सू प्रांतांतल्या डोंगरांत पांडा दिवसाचे दहा ते चौदा तास खाण्यात घालवतो. मनगटाचं वाढलेलं हाड अंगठ्यासारखं वापरून तो बांबू धरतो, दातांनी वरची कडक हिरवी साल सोलतो, कांडं तोडतो आणि दाढांखाली चुरडतो. अगदी बारीक पीठ तो करत नाही. विष्ठेत बांबूचे तुकडे ओळखू येतात. चुरडल्यामुळे पेशींमधलं सत्त्व मोकळं होतं, तेवढंच त्याच्या कामाचं. पचनातली तूट तो भरपूर खाऊन भरून काढतो. म्हणून रोज बारा ते अडतीस किलो बांबू लागतो.

बांबूत सिलिका असते आणि तिनं दात झिजतात. चिनी संशोधकांनी पांडाच्या दातांवरचं इनॅमल तपासलं, तेव्हा दाबामुळे पडलेले अतिसूक्ष्म खळगे काही अंशी आपोआप भरून येतात, असं दिसलं. त्यासाठी ओलावा लागतो. तोंडात तो असतोच.

तरीही झीज पूर्णपणे थांबत नाही आणि पडलेला दात पुन्हा येत नाही. प्राणिसंग्रहालयातल्या म्हाताऱ्या पांडाला मऊ खाणं देता येतं. जंगलातल्या पांडाला ती सोय नाही; दाढा झिजल्या की समोर बांबूचं बन असूनही त्याचं पोट भरत नाही.