ग्रीकांची तेलाची बुधली



गेल्या रविवारी लेकीला घेऊन इथल्या, म्हणजे क्राइस्टचर्चच्या, टीस म्युझियमला गेलो. युनिव्हर्सिटी ऑफ कँटरबरीचा जेम्स लोगी मेमोरियल संग्रह २०१७ पासून तिथे मांडलाय. मॅरियन स्टीव्हन बाईंनी १९५७ मध्ये नवऱ्याच्या स्मरणार्थ तो सुरू केला.

मी रेंगाळलो ते तेला-अत्तराच्या बुधल्यांपाशी. 'अरिबॅलॉस' मुठीत मावेल एवढी, गोल. ग्रीक पहिलवान ती मनगटाला अडकवून आखाड्यात नेत. तोंड बारीक, पण काठ बशीसारखा पसरट, म्हणजे तेल वाया न जाता अंगाला चोपडता येतं. नंतर तेल, घाम, माती सगळं धातूच्या वाकड्या पट्टीने खरवडायचं. आपल्या अभ्यंगाचा चुलतभाऊच की! 'लेकिथॉस' उंच, सडपातळ. अथेन्सवाले ती थडग्यावर ठेवत. काहींच्या आत छोटी वाटी दडवलेली असे, थोड्याच तेलात बुधली भरलेली दिसावी म्हणून! जुगाड आपणच शोधला असं उगीच वाटत होतं.

४ सप्टेंबर २०१० च्या भूकंपात या संग्रहातल्या बऱ्याच वस्तू फुटल्या. तज्ज्ञांनी तुकडे जुळवून त्या पुन्हा उभ्या केल्या. हे लेकीला सांगताना मला आजीची अत्तराची कुपी आठवली. फेब्रुवारी २०११ च्या धक्क्यात फुटली, आणि मी काचा सुपलीत भरून सरळ कचऱ्यात टाकल्या.

"बाबा, आपली का नाही चिकटवली?"

काय सांगणार! तेव्हा घाईच होती सगळी. असो. घरी आल्यावर आईला फोन केला, तिला ते आजवर सांगितलंच नव्हतं.

तुमच्याकडे अशी एखादी कुपी असेल तर नीट गुंडाळून, खालच्या फळीवर ठेवा बुवा.