दंडारीच्या कॅसेटमधला हरवलेला रंग

पैनगंगेपलीकडे, किनवट-माहूरला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास राज गोंड समाजाचा दंडारी उत्सव होतो आणि त्यातले गुस्साडी नर्तक मोरपिसांचा भव्य मुकुट डोक्यावर चढवून, अंगाला राख फासून गावोगाव नाचत जातात. या नृत्याची, केसलापूरच्या नागोबा जत्रेची किंवा घरच्या लग्नाची जुनी व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवताना पुष्कळदा निराशा पदरी पडते, कारण चित्र चालते, आवाजही येतो, पण रंग एक तर साफ गेलेला असतो किंवा सगळ्या चित्रावर तांबूस-पिवळी झाक पसरलेली असते. अशा वेळी दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे लागते, ते म्हणजे हा रंग मुळात टिपलाच गेला नव्हता, टिपला जाऊन नंतर विरला, की कॅसेटवर शाबूत असूनही यंत्राला वाचता येत नाही.

यांतला शेवटचा प्रकार वाटतो त्यापेक्षा बराच जास्त आढळतो. भारतात दूरदर्शनने 1982 मध्ये रंगीत प्रसारण सुरू केले तेव्हा ‘पाल’ ही पद्धत स्वीकारली गेली, आणि या पद्धतीत चित्राचा उजेड-अंधार व त्याचा रंग ही दोन वेगळी माहिती असते; उजेडाच्या मुख्य संकेतावर रंगाचा संकेत सुमारे 4.43 मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसवलेला असतो. व्हीएचएस फितीची कुवत एवढी नसल्याने व्हीसीआर ही रंगलहर सुमारे 627 किलोहर्ट्झपर्यंत खाली उतरवून फितीवर लिहितो आणि कॅसेट चालवताना पुन्हा वर चढवतो. चित्राच्या जवळजवळ प्रत्येक ओळीच्या आरंभी, पडद्यावर न दिसणाऱ्या जागेत, या लहरीची काही मोजकी आवर्तने नमुना म्हणून ठेवलेली असतात आणि त्यांच्याशी ताडून पाहूनच यंत्र लाल कोणता व हिरवा कोणता हे ठरवते. फीत ताणली गेली, हेडवर मळ बसला किंवा जोडणीची वायर सैल राहिली की हा नमुना क्षीण होतो, आणि चुकीचे रंग दाखवण्यापेक्षा रंगच बंद केलेला बरा अशा हिशेबाने यंत्रातला ‘कलर किलर’ नावाचा भाग चित्र काळेपांढरे करून टाकतो. म्हणजे रंग फितीवर असतो, फक्त त्याला बाहेर येऊ दिलेले नसते. अशा कॅसेटवर संगणकात कितीही कष्ट घेतले तरी ते वाया जातात. हेड स्वच्छ करणे, दुसऱ्या चांगल्या व्हीसीआरवर कॅसेट लावून पाहणे आणि वायर बदलणे हाच तिथे खरा उपाय ठरतो.

परदेशी नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेटची गोष्ट याच जातीची आहे. अमेरिकेत ‘एनटीएससी’ पद्धत होती, तिथे चित्राच्या ओळी 625 ऐवजी 525 आणि रंगलहर 3.58 मेगाहर्ट्झची असे, त्यामुळे न्यू जर्सीतल्या मराठी घरातले बारसे इकडच्या साध्या संचावर दिसलेच तर अनेकदा काळेपांढरे दिसे. दोन्ही पद्धती वाचणारा व्हीसीआर मिळाला आणि कॅसेट संगणकात उतरवणाऱ्या कॅप्चर कार्डाच्या सेटिंगमध्ये योग्य पद्धत निवडली, की तोच रंग जसाच्या तसा परत येतो.

लपलेला रंग किती चिवट असू शकतो याचे उत्तम उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. बीबीसीच्या काही जुन्या रंगीत कार्यक्रमांच्या मूळ फिती पुसल्या गेल्या होत्या आणि पडद्यावरून काळ्यापांढऱ्या फिल्मवर उतरवलेल्या प्रतीच तेवढ्या उरल्या होत्या. त्या प्रतींवर रंगलहरीचे अतिसूक्ष्म ठिपके उमटलेले आहेत हे अभियंत्यांच्या ध्यानात आले. त्या ठिपक्यांवरून रंग उलगडण्याचा प्रोग्राम लिहिला गेला, आणि ‘डॅड्स आर्मी’ या मालिकेचा 1969 सालचा एक भाग 2008 मध्ये पुन्हा रंगीत स्वरूपात प्रसारित झाला. तिथे कुणी अंदाजाने रंग भरलेले नव्हते, जे होते तेच वाचले गेले होते, म्हणूनच या कामाचे मोल मोठे आहे.

आदिलाबादच्या सर्वांत मोलाच्या चित्रसंचयाला मात्र हा उपाय लागू पडत नाही. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी 1940 च्या दशकात मारलावाई गावी मुक्काम करून गोंडांचा अभ्यास केला आणि त्या काळात घेतलेली त्यांची काळीपांढरी छायाचित्रे लंडनच्या ‘सोआस’ या संस्थेत जतन केलेली आहेत. साध्या काळ्यापांढऱ्या फिल्मवर केवळ उजेडाचे प्रमाण नोंदले जाते. लाल पागोटे आणि हिरवे लुगडे एकाच करड्या छटेत उतरू शकते आणि त्या छटेवरून मूळ रंग कोणता होता हे कोणत्याही गणिताने ठरवता येत नाही. आज संगणक अशा चित्रांत क्षणार्धात रंग भरतो, पण ते रंग त्याला शिकवलेल्या दुसऱ्याच चित्रांवरून सुचलेले असतात. ‘मुघल-ए-आझम’ 2004 मध्ये रंगीत होऊन आला तेव्हा तो करमणुकीचा चित्रपट होता; एखाद्या समाजाच्या वेशभूषेचा पुरावा असलेल्या चित्रात तसे रंग भरणे म्हणजे पुराव्यात भेसळ करणे होय, आणि तसे केलेच तर चित्रावर ठळकपणे नोंदवले पाहिजे.

रंग आहे पण बिघडला आहे, अशा चित्राची दुरुस्ती नेमकी कशी होते हे नागोबा जत्रेच्या चित्रीकरणावरून चांगले कळते. पौष अमावास्येला भरणाऱ्या या जत्रेत मेश्राम कुळातले पुरुष पांढरे धोतर नेसून, पांढरे पागोटे बांधून येतात आणि देवाच्या भेटीला आणलेल्या नव्या सुनाही पांढऱ्या वस्त्रात असतात. चित्रात ही वस्त्रे पिवळी दिसत असतील तर लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही घटकांचे प्रमाण असे बदलायचे की कापड पुन्हा पांढरे दिसेल, म्हणजे बाकीचे रंगही बव्हंशी ठिकाणावर येतात. पिवळ्या सोडियम दिव्याखालच्या चित्रीकरणात निळा घटक जवळजवळ नोंदलेलाच नसतो, तिथे तो ताणून वाढवला की चित्रावर नुसते दाणे दिसू लागतात, म्हणून अशा ठिकाणी थोडी पिवळी झाक राहू देणेच शहाणपणाचे.

गुस्साडीच्या चित्रीकरणात तर याहून अधिक सावध राहावे लागते. माणसांच्या कातडीचा रंग आपोआप ‘सुधारणारी’ सॉफ्टवेअरे राख फासलेल्या अंगाला तपकिरी करून टाकतात, आणि राखेचा करडेपणा हा दोष नसून नर्तकाच्या वेशाचाच भाग आहे हे त्यांना ठाऊक नसते. मोरपिसाचा निळा-हिरवा रंग रंगद्रव्यातून नव्हे, तर पिसाच्या सूक्ष्म रचनेवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशातून निर्माण होतो, त्यामुळे नर्तकाने मान वळवली की तो बदलतो. सलग चित्रचौकटींत मुकुटाचा रंग पालटताना दिसला तर तो बिघाड समजून एकसारखा करू नये. कोणती छटा खरी, याचा निवाडा संगणकासमोर बसलेल्या कारागिराने एकट्याने न करता ज्यांनी मुकुट बांधले त्या गावकऱ्यांना चित्र दाखवून करावा. मारलावाईचेच गुस्साडी कनकराजू यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्यांच्याकडून हे नृत्य शिकलेले नर्तक या भागात आहेत, आणि त्यांच्या नजरेइतकी भरवशाची कसोटी दुसरी कोणती असणार?

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, 2016 मध्ये उत्पादन थांबवले, आणि चालू स्थितीतली यंत्रे व ती दुरुस्त करणारे हात दोन्ही कमी होत चालले आहेत. त्यामुळे कॅसेट आधी उत्तम यंत्रावर, कमीत कमी दाबलेल्या स्वरूपात संगणकावर उतरवावी, ती मूळ फाइल न बदलता दोन ठिकाणी जपावी आणि रंगाचे सगळे प्रयोग तिच्या प्रतीवर, हवे तर पुढच्या वर्षीही, करावेत.