स्टीफन हिस्लॉप यांचा भूशास्त्रीय पत्रव्यवहार

स्टीफन हिस्लॉप (८ सप्टेंबर, १८१७ – ४ सप्टेंबर, १८६३) हे नागपूर येथे वास्तव्य केलेले स्कॉटिश धर्मोपदेशक, शिक्षक व निसर्ग-अभ्यासक होते. नागपूर आणि आसपासच्या प्रदेशात त्यांनी गोळा केलेले जीवाश्म, खनिजे व प्राणी त्यांनी मुंबई, कोलकाता, लंडन आणि डब्लिन येथील तज्ज्ञांच्या नजरेखाली आणले. या देवाणघेवाणीतून विदर्भाच्या भूविज्ञानाचा पाया घातला गेला. त्यातील काही निष्कर्ष पुढे चुकीचे ठरले, तरी त्यासाठी जमवलेले नमुने व त्यांना मिळालेली शास्त्रीय नावे आजही उपयोगात आहेत.

पार्श्वभूमी

हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे धर्मोपदेशक म्हणून ते १८४५ साली नागपुरात आले. त्या वेळी नागपुरावर भोसल्यांचे राज्य होते. तिसरे रघूजी यांच्या निधनानंतर १८५४ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीने खालसा केले. हिस्लॉप यांचे सहकारी रॉबर्ट हंटर हेही धर्मोपदेशक होते आणि त्यांनाही निसर्ग-अभ्यासाची तितकीच आवड होती. १८५५ मध्ये हंटर मायदेशी परतल्यावर हिस्लॉप यांनी हे काम एकट्याने चालू ठेवले.

भूविज्ञानाच्या दृष्टीने नागपूरचे स्थान विलक्षण आहे. पश्चिम महाराष्ट्र व्यापणारा काळा पाषाण, म्हणजे दक्षिण ट्रॅप, पूर्वेकडे येत येत नागपूरच्या आसपास संपतो. शहरातील सीताबर्डीची टेकडी याच पाषाणाची आहे. तेथून पूर्वेला भंडाऱ्याकडे, वैनगंगेच्या खोऱ्यातील पवनी व आसगावच्या भागात गेले की पायाखाली त्याहून कितीतरी प्राचीन पट्टिताश्म व अन्य रूपांतरित खडक लागतात. या दोहोंच्या मधल्या कालखंडातील वालुकाश्म कामठी परिसरात आणि दक्षिणेस चांद्याकडे उघडे पडलेले आहेत. एका दिवसाच्या घोडदौडीत इतके निरनिराळे कालखंड पाहता यावेत अशी ठिकाणे थोडी. हिस्लॉप यांनी हे गाव भूविज्ञानासाठी निवडले नव्हते. पण निवडले असते तरी याहून चांगले सापडणे कठीण होते.

या प्रदेशातील जीवाश्मांकडे लक्ष देणारे ते पहिले नव्हते. शल्यवैद्य जॉन ग्रँट माल्कमसन यांनी ट्रॅपमधील गोड्या पाण्यातील शंख आधीच लंडनला पोहोचवले होते. त्यांपैकी एका शंखास १८४० साली ‘फायसा प्रिन्सेपी’ हे नाव मिळाले. हा शंख पुढे हिस्लॉप यांच्या लेखनात वारंवार येतो.

पत्रव्यवहाराची पद्धत

नागपुरात त्या काळी संदर्भ-ग्रंथालय नव्हते, तुलनेसाठी संग्रहालयही नव्हते. सापडलेला शंख नवीन जातीचा आहे की फ्रान्समध्ये आधीच वर्णिलेला आहे, हे ठरवण्यासाठी तो ज्याच्याजवळ तुलनेचे नमुने आहेत अशा तज्ज्ञाकडे पाठवणे हाच मार्ग होता. रेल्वे नागपूरला १८६७ मध्ये, म्हणजे हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी पोहोचली; सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्यामुळे दगडांच्या पेट्या मुंबईपर्यंत कच्च्या रस्त्याने आणि पुढे जहाजाने जात. प्रश्न विचारल्यापासून उत्तर हाती येईपर्यंत महिने उलटत. दरम्यान हिस्लॉप नवे नमुने गोळा करीत असल्यामुळे उत्तर आले तेव्हा प्रश्नच बदललेला असण्याची शक्यता मोठी होती. त्यांच्या लेखांमध्ये दिसणाऱ्या फेरविचारांचे एक कारण हे असावे.

लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीमध्ये दूरवरच्या अभ्यासकांचे लेख सभेत वाचून दाखवले जात व नंतर त्रैमासिकात छापले जात. हिस्लॉप व हंटर यांचा नागपूर परिसराचे भूविज्ञान व जीवाश्म यांवरील विस्तृत लेख १८५५ च्या खंडात याच मार्गाने प्रसिद्ध झाला. त्याआधी १८५३ मध्ये मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात नागपूर राज्याच्या भूविज्ञानावरील लेख आला होता.

नमुने आणि त्यांचे वर्णनकर्ते

नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ६० मैलांवरील मांगली येथील तांबड्या दगडात एका उभयचर प्राण्याची रुंद, आखूड कवटी मिळाली. रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचे वर्णन करून तिला ‘ब्रॅकिओप्स लॅटिसेप्स’ असे नाव दिले. मांगलीच्याच थरांत शिंपल्यासारखी दोन झडपांची कवचे असलेले बारीक कवचधारी प्राणी सापडले. त्यांतील एका जातीस रूपर्ट जोन्स यांनी १८६२ मध्ये गावाच्या नावावरून ‘एस्थेरिया मांगलिएन्सिस’ म्हटले. नागपूरजवळच्या टाकळी येथील कीटकांच्या जीवाश्मांचे काम अँड्र्यू मरे यांच्याकडे गेले. भुंगेऱ्यांच्या कठीण पंखांवरून त्यांनी ठरवलेल्या जातींत ‘लोमॅटस हिस्लॉपी’ आणि ‘मेरिस्टॉस हंटरी’ ही नावे आढळतात.

वनस्पतींचे जीवाश्म चार्ल्स बनबरी यांनी तपासले. बनबरी हे चार्ल्स लायेल यांचे साडू होते. १८६१ मधील त्यांच्या लेखात कामठी परिसरातील ‘ग्लॉसॉप्टेरिस’ या जिभेच्या आकाराच्या पानांच्या वनस्पतीखेरीज ‘नेगराथिया हिस्लॉपी’ या नव्या जातीचे वर्णन आहे. पुढे या जातीचा समावेश ‘नेगराथिऑप्सिस’ या प्रजातीत करण्यात आला आणि तिच्यासारखी पाने दक्षिण गोलार्धातील इतर खंडांतही ओळखली गेली. नागपूरच्या दगडखाणींतून निघालेल्या पानाचे नाव अशा रीतीने गोंडवन भूमीच्या साऱ्या साहित्यात पसरले.

पत्रव्यवहार केवळ जीवाश्मांपुरता नव्हता. मुंबईचे शल्यवैद्य व प्राणिशास्त्रज्ञ हेन्री जॉन कार्टर यांनी नागपूरच्या गोड्या पाण्यातील एका वसाहत करून राहणाऱ्या सूक्ष्म प्राण्याचे १८५८ मध्ये वर्णन केले व त्याच्या प्रजातीस ‘हिस्लॉपिया’ हे नाव दिले. हे नाव प्राणिशास्त्रात आजही वैध आहे. डब्लिनचे सॅम्युएल हॉटन यांनी टाकळीच्या एका हिरव्या खनिजास ‘हिस्लॉपाइट’ आणि एका मातकट खनिजास ‘हंटराइट’ म्हटले. ही दोन्ही मात्र स्वतंत्र खनिजे म्हणून टिकली नाहीत.

कोलकात्याहून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांनी प्राणहितेच्या खोऱ्यातील मालेरी येथील माशांच्या दातांचा अभ्यास करून १८५९ मध्ये ‘सेरॅटोडस’ या फुप्फुसमाशाच्या जाती वर्णन केल्या. त्यांपैकी दोन हिस्लॉप व हंटर यांच्या नावांच्या आहेत. सरकारी सर्वेक्षण १८५१ मध्येच सुरू झाले असले, तरी नागपूरचा प्रदेश त्याच्या आधी दोन खाजगी अभ्यासकांनी पालथा घातला होता, ही बाब या नावांत नोंदली गेली आहे.

कोळशाच्या वयाचा वाद

या सर्व देवाणघेवाणीच्या मुळाशी एक प्रश्न होता : मध्य भारतातील वालुकाश्म व दगडी कोळसा किती जुना? यूरोपातील कोळशाच्या थरांत ग्लॉसॉप्टेरिस आढळत नसल्यामुळे तेथील कालक्रम नागपूरला लावता येत नव्हता. ऑस्ट्रेलियातही हाच वाद चालू होता. तेथील कोळसा बराच अलीकडचा आहे असे फ्रेडरिक मॅकॉय म्हणत, तर डब्ल्यू. बी. क्लार्क तो पुराजीव महाकल्पातील मानत.

हिस्लॉप यांनी नागपूरचे थर जुरासिक काळाच्या आरंभीचे ठरवले. त्यांची तर्कपद्धती तेव्हाच्या माहितीनुसार सरळ होती. प्राणहितेकाठच्या कोटा येथील चुनखडीत मासे सापडले होते आणि फिलिप एजर्टन यांनी १८५१ मध्ये त्यांतील एक ‘लेपिडोटस’ म्हणून ओळखला होता. यूरोपात असे मासे जुरासिक खडकांत मिळतात. कोटा, मांगली आणि कामठी येथील थर एकाच मालिकेचे मानले, तर सर्वांचे वय एकच ठरते. चूक झाली ती नेमकी या गृहीतात. आजच्या मते कोट्याची चुनखडी खरोखरच जुरासिक आहे, मालेरी व मांगली येथील थर ट्रायासिक आहेत आणि कामठीचे वनस्पतियुक्त वालुकाश्म त्याहूनही जुने, पर्मियन काळातले आहेत. माशांचे वय त्यांनी बरोबर वाचले. मात्र ते वय शंभराहून अधिक मैल दूरच्या दगडांना लावले. १८६१ मध्येही त्यांनी याच विषयावर स्वतंत्र लेख लिहून आपली बाजू मांडली. या प्रश्नाचा निकाल लागण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. ‘गोंडवन’ हे नाव भूविज्ञानात आले तेही नंतर, १८७० च्या दशकात.

ट्रॅपचे वय

दुसरा प्रश्न ट्रॅपचा होता. लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये जो शांततेचा काळ गेला, त्यात तळी साचली आणि त्यांच्या गाळात शंख, पाने, बिया व कीटक जतन झाले. अशा गाळाच्या थरांस आंतरट्रॅपी थर म्हणतात. टाकळी आणि सीताबर्डी येथील थरांतील शंखांची तुलना हिस्लॉप यांनी गोदावरीच्या मुखाजवळील राजमहेंद्री येथील थरांशी केली. राजमहेंद्रीला खाऱ्या पाण्यातील शंखही मिळत असल्याने तेथील वय ठरवणे तुलनेने सोपे होते. १८६० च्या लेखात त्यांनी हे थर तृतीय कल्पाच्या आरंभीचे, इओसीन काळातले असल्याचे प्रतिपादन केले. विसाव्या शतकात बिरबल साहनी यांनी वनस्पतींच्या आधारे असेच मत मांडले होते. पुढे किरणोत्सर्गी मापनावरून दक्षिण ट्रॅपचा प्रमुख उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस व तृतीय कल्पाच्या सीमेवर झाल्याचे निश्चित झाले. वरोऱ्याजवळील पिसदुरा येथे मोठ्या सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडे असल्याची नोंद हिस्लॉप यांनीच केली होती. तेथील अवशेषांवर रिचर्ड लिडेकर यांनी १८७९ मध्ये डायनोसॉरची एक जात वर्णन केली.

मृत्यू व संग्रह

सप्टेंबर १८६३ मध्ये मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर हिस्लॉप टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहण्यास गेले होते. गावातील शाळेची तपासणी करून बोरीच्या मुक्कामाकडे सायंकाळी एकटेच घोड्यावरून परतत असताना पावसाने फुगलेल्या नाल्यात ते बुडाले. त्यांच्या कागदपत्रांतील गोंड व इतर आदिवासी समाजांविषयीची टिपणे टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. त्यांचे चरित्र जॉर्ज स्मिथ यांनी १८८८ मध्ये लिहिले. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये त्यांच्या नावाने सुरू झाले.

जिऑलॉजिकल सोसायटीने आपला परदेशी नमुन्यांचा संग्रह १९११ मध्ये लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाकडे सोपवला. ज्या नमुन्यांवरून नागपूर परिसरातील जाती प्रथम ठरवल्या गेल्या, त्यांची तुलना करू इच्छिणाऱ्या विदर्भातील संशोधकास त्यामुळे अजूनही लंडनशीच पत्रव्यवहार करावा लागतो.