अमळनेरच्या उन्हातली वीणा

अमळनेरला संत सखाराम महाराजांचा उत्सव भर वैशाखात येतो. एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी, बोरीच्या पात्रात यात्रा. जळगाव जिल्ह्यात पारा तेव्हा 45 अंशांच्या आसपास घुटमळत असतो. अशा हवेत लाकूड आणि भोपळ्याचं वाद्य टिकवणं सोपं नाही.

वारकऱ्यांची वीणा म्हणजे उभ्यानं वाजवायचा छोटा तंबोराच. सप्ताहात ती जमिनीला टेकू द्यायची नाही. पहारा बदलताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. ही झाली भक्ती, पण वाद्यालाही ती मानवते. रोज हाताळलेल्या वीणेची ढिली खुंटी, उकललेला सांधा लगेच ध्यानात येतो. खरा घात होतो तो सप्ताह उरकून ती खिळ्याला लटकली, की.

उन्हाळ्यात लाकूड आटतं, खुंटी घसरते. पावसाळ्यात तीच फुगून जागची हलत नाही. घसरणाऱ्या खुंटीला खडूची पूड पुरते. अडकलेलीला पकड लावली, तर ती मोडलीच समजा. आणि कूलरसमोर वाद्य ठेवणाऱ्याला काय म्हणावं! दिवसभर दमट झोत, रात्री कोरडी धग. पॉलिशलाही तडे जातात.

सगळा मळ साठतो तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीपाशी. बुक्का, उदबत्तीची काजळी, घाम. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक ‘जीव’ सरकवलेला असतो. तिथं बुक्का बसला की गुंजन मंदावतं. मऊ कोरड्या ब्रशनं तारांखालून हलकेच झाडावं. ओलं फडकं नको, खोबरेल तर नकोच, कारण त्यावर धूळ चिकटते. तारा मात्र वाजवून झाल्यावर रोज पुसाव्यात. पोलादी तारेला घामानं गंज चढतो. काही वाद्यांत घोडी नुसत्या तारांच्या दाबावर उभी असते, म्हणून तारा बदलायच्या त्या एकेक करून. ठेवतानाही त्या सुरा-दोन सुरांनी उतरवाव्यात, पार सोडू नयेत. वर सुती गवसणी. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो, आणि पत्र्याच्या छताखालचा माळा म्हणजे भट्टीच.

जवारी, म्हणजे घोडीच्या माथ्याची घासणी बिघडली, तर घरी पॉलिश पेपर घासू नये. ते काम मिरजेच्या कारागिरांचं. एकोणिसाव्या शतकात शिकलगार फरीदसाहेबांनी हत्यारांवरचा हात वाद्यांकडे वळवला आणि तिथं हा धंदा रुजला. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या वाद्यांचे भोपळे पिकतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शिवारात. भोपळ्याला चीर गेलीच, तर आतून कापड चिकटवून ती सांधता येते. आषाढीची दिंडी निघण्याआधी हे उरकलेलं बरं. अमळनेरहून पंढरीला जाताना मिरज वाटेत लागत नाही.