विमानतळापासून मुक्कामापर्यंत

मुलांनो, प्रवासाला निघताना आपण जास्त विचार कशाचा करतो? मोठ्या अंतराचा. तिकीट मिळेल का, विमान किती वाजता सुटेल, राहायला खोली कशी असेल, याची चौकशी महिनाभर आधीपासून चालते. पण विमानतळापासून हॉटेलापर्यंत जो शेवटचा तुकडा असतो, त्याच्याकडे कोणी फारसे बघत नाही. 'तिथे गेल्यावर बघू' असे आपण म्हणतो. माझ्या घरच्या माणसांनी तसे म्हटले नव्हते. त्यांनी गाडी आधीच ठरवली होती. तरीही ऐन वेळी ती मिळाली नाही. असे का झाले, ते सांगतो.

२०२५ सालच्या मे महिन्यात माझ्या आपा, दुलाभाई, त्यांची दोन मुले आणि आमच्या अम्मी अशी पाच माणसे आठवडाभरासाठी मॉरिशसला गेली. अम्मींचे वय सत्तरच्या पुढे आहे. गुडघे दुखतात, म्हणून त्या काठी घेऊन चालतात. समुद्र त्यांनी मुंबईत पुष्कळ पाहिला होता, पण तळ दिसेल इतके स्वच्छ पाणी त्यांना एकदा पाहायचे होते.

मॉरिशस हे हिंदी महासागरातील एक बेट आहे. मादागास्करच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर ते आहे. बेटाची लांबी सुमारे ६५ किलोमीटर आणि रुंदी सुमारे ४५ किलोमीटर. नकाशात ते एका ठिपक्याएवढे दिसते. त्यामुळे 'एवढ्याशा बेटावर गाडीची काय चिंता?' असे वाटते. पण विमानतळ आहे बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात, प्लेझाँस येथे. देशाचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांचे नाव त्याला दिले आहे. आपाचे हॉटेल होते ग्राँ बे येथे, म्हणजे अगदी उत्तरेच्या टोकाला. मध्ये सारे बेट आणि राजधानी पोर्ट लुई. हा रस्ता सुमारे ७० किलोमीटरचा आहे. पोर्ट लुईपासून क्यूरपीपपर्यंत एक छोटी मेट्रो धावते, पण ती विमानतळापर्यंत येत नाही. बस आहे. मात्र ग्राँ बेला जायला वाटेत बस बदलावी लागते, सामान ठेवायला जागा कमी असते आणि संध्याकाळनंतर बस मिळणे कठीण होते. टॅक्सी आहेत, पण मीटरवर भाडे घेण्याची रीत तिथे फारशी नाही. भाडे बोलून ठरवावे लागते. सहा तासांच्या प्रवासाने थकलेला नवखा माणूस काय बोलणार आणि काय ठरवणार?

म्हणून बरेच प्रवासी घरून निघण्यापूर्वीच खासगी गाडी ठरवतात. मोबाइलवरून किंवा ई-मेल पाठवून हे काम होते. गाडीचा चालक आपल्या नावाची पाटी घेऊन बाहेर उभा राहतो आणि थेट हॉटेलाच्या दारात नेऊन सोडतो. भाडे माणशी नसते, पूर्ण गाडीचे असते. त्यामुळे पाच जणांच्या कुटुंबाला ते फार जड जात नाही.

सगळ्याच बेटांवर मोटारगाडीने भागते असे नाही. मालदीवचा विमानतळ स्वतःच एका लहान बेटावर आहे. तिथून आपल्या हॉटेलाच्या बेटावर जायचे तर वेगवान होडी हवी किंवा पाण्यावर उतरणारे लहान विमान हवे. ही पाण्यावरची विमाने फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमचे मोठे विमान संध्याकाळी पोचले, तर ती रात्र तुम्हांला वाटेतच काढावी लागते. तिथे हा शेवटचा तुकडा आधी पाहायचा आणि मग मोठ्या विमानाचे तिकीट काढायचे, असा उलटा क्रम चालतो.

आता आपाची हकिकत ऐका. विमान मुंबईहून सकाळी ७ वाजता सुटणार होते. प्रवास सहा तासांचा. म्हणजे ते आपल्या घड्याळात दुपारी १ वाजता पोचणार. पण मॉरिशसचे घड्याळ आपल्या दीड तास मागे असते, म्हणून तिथे तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात. भाच्याने हा हिशोब बरोबर केला आणि गाडीवाल्यांना कळवले, 'मिस्टर शेख, १५ मे, दुपारी १२ वाजता, ५ माणसे.' तिकडून उत्तर आले, 'ठीक आहे.' थोडी रक्कमही आगाऊ भरली.

त्या दिवशी विमान मुंबईतच सहा तास अडकले. ते पोचले तेव्हा तिथे संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. आपल्याकडे मे महिना उन्हाळ्याचा, पण विषुववृत्ताच्या दक्षिणेला तेव्हा हिवाळा सुरू होत असतो आणि पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पासपोर्ट तपासून, सामान घेऊन सगळे बाहेर आले तोवर काळोख झाला होता. पाट्या घेतलेली माणसे होती, पण त्यांच्यात यांचा चालक नव्हता. तो १२ वाजता आला होता, तासभर थांबला होता आणि निघून गेला होता. दुलाभाईंच्या मोबाइलवर परदेशात चालणारी सेवा सुरू नव्हती. दुसऱ्याच्या फोनवरून विचारावे, तर गाडीवाल्यांचा नंबर त्याच मोबाइलमध्ये होता आणि त्याची बॅटरी संपलेली. अम्मी सामानाच्या ढकलगाडीच्या कडेवर बसून होत्या. लहान भाची रडत होती. शेवटी स्टँडवरच्या एका टॅक्सीत तिघे आणि दुसरीत दोघे बसले आणि मागतील ते भाडे देऊन रात्री ग्राँ बेला पोचले. आगाऊ रक्कम गेली ती गेलीच.

आपा फोनवर म्हणाल्या, "गाडीवाल्याने धोका दिला." मला तसे वाटले नाही. त्याने विमानाचे उतरणे पाहायला हवे होते, हे खरे. पण कोणते विमान, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्याला १२ वाजता बोलावले, तो १२ वाजता आला.

विमानाला क्रमांक असतो. सुरुवातीला विमान कंपनीची खूण आणि पुढे आकडे. एअर इंडियाची खूण 'ए आय' आहे, एअर मॉरिशसची 'एम के'. हा क्रमांक आणि तारीख ठाऊक असली, की ते विमान सुटले का, किती उशिरा पोचेल, हे जगात कोणालाही बसल्या जागी पाहता येते. म्हणून गाडी ठरवताना वेळ लिहाच, पण क्रमांक विसरू नका. चालक किती वेळ फुकट थांबेल आणि तो वेळ विमान उतरल्यापासून मोजला जाईल की ठरलेल्या वेळेपासून, हेही विचारून घ्यावे. दोन्हींत किती फरक पडतो, ते अम्मींना विचारा.

नावाचेही तसेच. एकदा मी मुंबईच्या विमानतळावर एका पाहुण्याला घ्यायला गेलो होतो. एका चालकाच्या हातात 'शेख' एवढीच पाटी होती. माझ्यासमोर चार वेगवेगळे शेख त्याच्यापाशी जाऊन आले! पासपोर्टावर आहे तसे पूर्ण नाव दिले, म्हणजे असा घोळ होत नाही. आणखी एक गोष्ट. चालक भेटला की 'तुम्ही आमच्यासाठी आलात का? मी अमुक' असे आपण होऊन सांगू नये. 'तुम्ही कोणाला घ्यायला आलात?' असे विचारावे आणि नाव त्याच्या तोंडून ऐकावे. खोटा माणूस इथे अडखळतो.

पैशांबाबत मॉरिशसमध्ये एक गंमत आहे. तिथल्या चलनाचे नावही रुपयाच आहे. पण त्यांचा एक रुपया घ्यायला आपले जवळजवळ दोन रुपये लागतात. 'तीन हजार रुपये' असा निरोप आला, तर कोणते रुपये, हे लगेच विचारावे.

तारखेचा घोळ मात्र सर्वांत अवघड. परतीचे विमान २३ मे रोजी रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी होते. आपाने गाडी सांगितली होती २३ तारखेच्या रात्री साडेआठची. बघा, चूक सापडते का? विमानाच्या घड्याळात दिवस मध्यरात्री बदलतो. म्हणून १२.४० ही वेळ २३ तारखेच्या अगदी आरंभी येते. आपण बोलताना तिला २२ तारखेची रात्र म्हणतो, कारण बोलण्यात दिवस उजाडल्यावर बदलतो. पंचांगातही वार सूर्योदयापासून धरतात. आणि हिजरी तारीख तर सूर्य मावळताच बदलते. तुम्ही घरी गुरुवारला काय म्हणता? जुमेरात. हा शब्द जुम्म्याच्या रात्रीवरूनच आलेला आहे. २०२५ साली २२ मे रोजी गुरुवार होता. म्हणजे एकाच रात्रीला कोणी गुरुवारची म्हणेल, कोणी शुक्रवारची म्हणेल आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील. विमान मात्र निघून जाईल. मी आपाला फोन करून एवढेच सांगितले, "तारखेबरोबर वार लिहा आणि 'रात्री' हा शब्द एकटा कुठेही लिहू नका."

मधल्या दिवसांत सगळ्यांनी बेट पाहिले. पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे. १८३४ सालापासून मॉरिशसच्या उसाच्या शेतांसाठी भारतातून करारबद्ध मजूर नेले गेले. पुढच्या काही दशकांत सुमारे पाच लाख माणसे गेली. त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. त्यामुळे आज तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते आणि आपली उर्दूही शिकवली जाते. बंदरात उतरलेल्या मजुरांची नोंद या घाटावर होई आणि मग त्यांना मळ्यांवर पाठवत. त्यांतल्या अनेकांना आपल्या करारावरचे अक्षर वाचता येत नव्हते. २००६ साली युनेस्कोने या जागेची जागतिक वारसा म्हणून नोंद केली. अम्मी तिथल्या दगडी पायऱ्यांपाशी बराच वेळ उभ्या होत्या, असे आपाने सांगितले.

त्या संध्याकाळी आपा आणि भाच्याने एका दुसऱ्या गाडीवाल्याला नवे पत्र लिहिले. ते इंग्रजीत होते. त्याचा मराठी अर्थ असा :

'आम्हांला ग्राँ बे येथील हॉटेलापासून विमानतळापर्यंत गाडी हवी आहे. विमान शुक्रवार, २३ मे रोजी मध्यरात्रीनंतर १२.४० वाजता सुटते. म्हणून गाडी आदल्या दिवशी, गुरुवार, २२ मे रोजी संध्याकाळनंतर ८.३० वाजता, मॉरिशसच्या वेळेप्रमाणे, हॉटेलाच्या दारात यावी. आम्ही ३ मोठी माणसे व २ मुले आहोत. मुलगी ४ वर्षांची आहे, तिच्यासाठी लहान मुलांची खुर्ची हवी. मोठ्या बॅगा ४, लहान ३. एका वृद्ध बाईंना चढताना आधार लागतो, म्हणून गाडीची पायरी उंच नसावी. पूर्ण गाडीचे भाडे मॉरिशसच्या रुपयांत किती व ते केव्हा द्यायचे, हे कळवावे. आम्ही बेत रद्द केला, तर केव्हापर्यंत कळवल्यास पैसे परत मिळतील? चालकाचे नाव, गाडीचा नंबर व फोन नंबर गुरुवारी दुपारपर्यंत पाठवावा.'

खाली दुलाभाईंचे पूर्ण नाव, विमानाचा क्रमांक आणि हॉटेलाचा पत्ता होता. पत्रात अवघड शब्द एकही नाही, पण समोरच्याला परत काही विचारावे लागणार नाही.

बेत रद्द करण्याचा प्रश्न उगाच घातलेला नाही. मॉरिशसला साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात चक्रीवादळे येतात. जानेवारी २०२४ मध्ये 'बेलाल' नावाचे वादळ आले, तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या वाहून गेल्या आणि विमानतळ बंद ठेवावा लागला. अशा वेळी पैशांचे काय होणार, हे आधीच लिहून घेतलेले बरे.

उत्तर तासाभरात आले. आपाने या वेळी चालकाचा फोन नंबर एका कागदावर, पुढे मॉरिशसचा २३० हा क्रमांक लावून, उतरवून घेतला आणि तो कागद अम्मींच्या बटव्यात ठेवला. बटव्याची बॅटरी संपत नाही!

मुलांनो, वर मुक्काम, सामान, तारीख, करार, रक्कम हे शब्द तुम्ही वाचले. ते उर्दूतही आहेत, म्हणून तुम्हांला ते अडले नसतील. आग्नेय, आगाऊ, सूर्योदय हे शब्द मात्र वहीत लिहून घ्या.

गुरुवारी अम्मींनी इशाची नमाज हॉटेलातच अदा केली. सव्वाआठला गाडी दारात उभी राहिली. दुलाभाईंनी विचारले, "कोणाला घ्यायला आलात?" चालकाने खिशातून चिठ्ठी काढली आणि त्यांचे पूर्ण नाव अडखळत वाचले. मग त्याने अम्मींकडे पाहिले, पुढचे दार उघडले आणि त्यांची काठी स्वतःच्या हातात घेतली.